ऑरेलिया बी२० : फक्त ७५ हॉर्सपॉवर, तरी पहिली खरी जीटी का?

प्रश्न असा होता की लॅन्सिया ऑरेलिया बी२०ला जाणकार लोक पहिली खरी ग्रँड टूरिंग गाडी म्हणतात, पण तिच्या पहिल्या इंजिनाची ताकद बघितली तर फक्त ७५ हॉर्सपॉवर, मग तिच्यात असं काय होतं, आणि एवढी हुशार गाडी बनवणारी कंपनी लॅन्सिया घराण्याच्या हातातून गेली कशी? मी जुन्या इटालियन गाड्यांची इंजिनं, गियरबॉक्स उघडून परत उभी करायचं काम करतो, ऑरेलिया बऱ्याच हाताखालून गेल्यात, त्यामुळे जरा पाल्हाळ लागलं तरी नीट सांगतो, कारण नुसते ताकदीचे आकडे बघून ही गाडी कळतच नाही.

आधी नावाचं बघू. ग्रान तुरिस्मो, म्हणजे ग्रँड टूरिंगचंच इटालियन रूप, थोडक्यात जीटी, हे नाव लॅन्सियाने काढलेलं नाही, अल्फा रोमिओच्या ६सी १७५० मध्ये त्या नावाचं मॉडेल युद्धाच्या बऱ्याच आधी होतं. पण ते सगळं वेगळ्या चासीवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, बॉडी चढवायच्या जमान्यातलं. आज आपण जीटी म्हणतो तेव्हा डोळ्यासमोर काय येतं, बंद छप्पर, दोन दारं, पुढे दोघं ऐसपैस, मागे जेमतेम दोघं, डिकीत सामान, आणि सकाळी तुरिनहून निघून संध्याकाळी रोमला उतरलं तरी चालवणारा ताजातवाना. ही सगळी जुळणी एका कारखान्यात, नेहमीच्या प्रॉडक्शनमध्ये, पत्र्याच्या एकसंध बॉडीत पहिल्यांदा जमली ती बी२० मध्ये, १९५१ साली. म्हणून तिला पहिली म्हणतात, आणि माझ्या मते बरोबरच म्हणतात.

आता मागे जाऊ. कंपनी काढणारा विन्चेन्झो लॅन्सिया १९३७ मध्ये वारला, मुलगा जान्नी तेव्हा बारा-तेरा वर्षांचा. त्याच सुमारास वित्तोरिओ यानो हा मोठा इंजिनियर अल्फा रोमिओ सोडून लॅन्सियात आला, ज्याने अल्फाच्या त्या सगळ्या जिंकणाऱ्या रेसिंग गाड्या काढल्या होत्या. लोक ऑरेलियाचं सगळं श्रेय यानोला देऊन मोकळे होतात, पण ऑरेलियाचं जे हृदय आहे, ते व्ही६ इंजिन, त्यामागे फ्रान्चेस्को दे व्हिर्जिलिओ नावाचा तरुण इंजिनियर होता, आणि त्याचं नाव घेतल्याशिवाय ही गोष्ट सांगूच नये असं मला मनापासून वाटतं. युद्ध चालू असताना, १९४३ पासून तो व्ही६च्या बॅलन्सिंगचं गणित मांडत बसला होता.

हे गणित का लागलं ते सांगतो. सहा सिलिंडर एका रांगेत उभे केले तर इंजिन गुळगुळीत चालतं पण लांबलचक होतं, बोनेट लांब, क्रँक लांब, वजन सगळं नाकावर. तीन-तीन सिलिंडर व्ही आकारात समोरासमोर ठेवले तर इंजिन आखूड होतं, पण थरथर येते, आणि त्या थरथरीमुळेच तोपर्यंत कुणी व्ही६ नेहमीच्या प्रॉडक्शनच्या मोटारीत आणला नव्हता. चार स्ट्रोकच्या सहा सिलिंडर इंजिनात क्रँक दर १२० अंश फिरली की एक सिलिंडर पेटला पाहिजे, तर चाल सारखी राहते. लॅन्सियाला अरुंद कोनाच्या व्ही इंजिनांची जुनी सवय, त्यांची व्ही४ इंजिनं तशीच असायची, पण दे व्हिर्जिलिओचं गणित ६० अंशांवर येऊन बसलं, आणि प्रत्येक कनेक्टिंग रॉडला क्रँकवर स्वतःची वेगळी पिन. चार मेन बेअरिंग, क्रँक एकदम आखूड आणि जाड, वाकायचा प्रश्नच नाही. ब्लॉक अॅल्युमिनियमचा, आत बिडाचे ओले लायनर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळ्या, ज्यांना पाणी थेट लागून फिरतं, कॅमशाफ्ट व्हीच्या खोबणीत एकच, पुशरॉडवर चालणारी. जगातला हा पहिला प्रॉडक्शन व्ही६. आज रस्त्यावर जितके ६० अंशी व्ही६ फिरतायत त्या सगळ्यांचा हा मूळपुरुष आहे.

१९५० च्या मे महिन्यात तुरिनच्या मोटार प्रदर्शनात ऑरेलिया आली ती आधी चार दारांची सेडान म्हणून, बी१०, १७५४ सीसी, ५६ हॉर्सपॉवर. तिची दारं मध्ये खांब न ठेवता समोरासमोर उघडायची. नाव रोमन रस्त्यावरून, रोमहून समुद्राच्या कडेने वर जाणारा तो व्हिया ऑरेलिया, आणि पुढे अप्पिया, फ्लामिनिया ही नावंही तशीच आली.

पण इंजिन अर्धीच गोष्ट आहे. खरी करामत मागे आहे. त्यांनी गियरबॉक्स इंजिनाला चिकटवलाच नाही, क्लच, गियरबॉक्स आणि डिफरेन्शियल (इंजिनाची ताकद दोन्ही मागच्या चाकांना वाटून देणारा भाग) तिन्ही एकाच अॅल्युमिनियमच्या घरात घालून मागच्या चाकांच्या मध्ये नेऊन ठेवलं, आणि मागचे ब्रेक ड्रमसुद्धा चाकांत न ठेवता त्याच घराच्या दोन्ही बाजूंना आत बसवले. याचा फायदा दुहेरी. एक, गाडीचं वजन पुढे-मागे जवळपास सारखं वाटलं गेलं. दोन, चाकाबरोबर वरखाली उडणारं वजन कमी झालं, त्यामुळे खराब रस्त्यावर चाक रस्ता सोडत नाही. पाठीवरच्या पिशवीत जड सामान अंगालगत भरलं की माणूस दिवसभर चालतो, आणि तेच वजन हातात लटकवलं की तासाभरात दमतो, इथे तोच हिशोब आहे. वर मागच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन, तिरक्या आर्मवालं, जे पुढे जर्मन कंपन्यांनी वर्षानुवर्षं वापरलं, ते प्रॉडक्शन गाडीत पहिल्यांदा इथेच. आणि मिशलॅनचे एक्स हे रेडियल टायर कारखान्यातूनच बसवून दिलेले. १९५० सालात बाकी जग अजून क्रॉस प्लाय टायरवर घसरत होतं हे लक्षात घ्या.

पुढचं सस्पेन्शन मात्र जुनं लॅन्सिया पद्धतीचं, १९२२ च्या लाम्ब्डापासून चालत आलेलं, उभ्या नळीत स्प्रिंग, तेल आणि शॉकअॅब्जॉर्बर सगळं एकत्र आणि त्यावर चाकाचा हब वरखाली सरकणारा. बघायला विचित्र वाटतं पण स्टिअरिंगला असा स्वच्छ अंदाज देतं की नंतरच्या कित्येक गाड्या त्यापुढे बोथट वाटतात.

तर १९५१ मध्ये या सेडानचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २८६ सेंटिमीटरवरून २६६ वर आणला, इंजिन १९९१ सीसीचं केलं, ७५ हॉर्सपॉवर, आणि त्यावर ती उतरत्या पाठीची दोन दारी बॉडी बसवली, ही बी२०. रेषा कोणाच्या यावर जाणकार भांडतात. मूळ कल्पना घिया या बॉडी बनवणाऱ्या कंपनीतल्या मारिओ बोआनोची मानतात, सुरुवातीच्या थोड्या गाड्यांच्या बॉडी विओत्ती नावाच्या कारखान्याने केल्या, आणि मग काम पिनिन फारिनाकडे गेलं आणि त्यांनीच ते तासून पूर्ण केलं. मला त्या वादापेक्षा हे महत्त्वाचं वाटतं की त्या बॉडीवर फुकटची एकसुद्धा पट्टी नाही. छपरावरून हात फिरवत मागे या, कुठे अडत नाही. साधारण १६० किलोमीटरचा वेग ती ७५ हॉर्सपॉवरमध्ये गाठायची त्यात या आकाराचा वाटा मोठा आहे.

आणि हे कागदावरचं कौतुक नाही, त्याच वर्षी रस्त्यावर सिद्ध झालं. १९५१ ची मिल्ले मिल्या, ब्रेशियाहून रोम आणि परत, हजार मैल, सार्वजनिक रस्ते, आणि त्या दिवशी पाऊस. पहिला आला लुईजी विलोरेसी, ४.१ लिटरची व्ही१२ फेरारी घेऊन. दुसरा कोण, तर जोव्हानी ब्राको आणि उम्बेर्तो मालियोली, दोन लिटरच्या ऑरेलियात, तेरा तासांच्या शर्यतीत फक्त वीसेक मिनिटं मागे. अर्ध्याहून लहान इंजिन! ओल्या घाटरस्त्यावर ताकद असून उपयोग नसतो, ती जमिनीवर उतरवता आली पाहिजे, आणि बी२०ला ती सगळी उतरवता यायची. मग ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत दोन लिटर गटात पहिली. पुढच्या वर्षी, १९५२ मध्ये, मिल्ले मिल्यात लुईजी फाजिओलीने तिसरा नंबर काढला, वय ५३, आणि त्याच्या मागे चौथ्या नंबरवर मर्सिडीज ३००एसएल घेऊन रुडॉल्फ काराचिओला. त्यानंतर थोड्याच दिवसांत मोनाकोला सरावात बी२० चालवतानाच फाजिओलीचा अपघात झाला आणि त्या जखमांनी तो गेला. त्याच साली सिसिलीच्या डोंगरातल्या तार्गा फ्लोरिओत ऑरेलिया पहिली, दुसरी आणि तिसरी, जिंकला तो फेलिचे बोनेत्तो. १९५३ ला लिएज-रोम-लिएज ही रॅली ऑरेलियाने जिंकली, १९५४ ला लुई शिरॉनने मॉन्टे कार्लो रॅली. आणि १९५८ मध्ये, म्हणजे गाडी बंद व्हायच्या वर्षी, विलोरेसीनेच अॅक्रोपोलिस रॅली ऑरेलियात जिंकली, ज्याने सात वर्षांपूर्वी तिला मागे टाकलं होतं त्यानेच.

आता सिरीजचं सांगतो, कारण लोक सगळ्या बी२० एकच समजतात. एकूण सहा सिरीज, मिळून ३८७१ गाड्या. पहिल्या दोन सिरीज २ लिटरच्या, दुसऱ्या सिरीजला ८० हॉर्सपॉवर. तिसरीत, १९५३ मध्ये, इंजिन २४५१ सीसी आणि ११८ हॉर्सपॉवर, वेग १८५ च्या आसपास. इथपर्यंत मागे तेच तिरक्या आर्मचं सस्पेन्शन, आणि त्याची एक खोड आहे. वळणात जोरात शिरून मध्येच अॅक्सिलरेटर सोडला की मागची चाकं कलतात, त्यांची पकड बदलते आणि गाडीची शेपूट सुटते. रेसिंगवाल्यांना ते आवडायचं, साध्या गिऱ्हाईकाला धोक्याचं होतं. म्हणून १९५४ च्या चौथ्या सिरीजमध्ये मागे द दिआँ एक्सेल आला, म्हणजे दोन्ही चाकं एका वाकवलेल्या नळीने जोडलेली, ती कायम सरळ उभी राहतात, पण डिफरेन्शियलचं वजन बॉडीवरच. स्प्रिंग लीफच्या झाल्या. माझ्या मते चौथी सिरीज सगळ्यात उत्तम, तिसरीचा जोम आणि वर हा शहाणपणा. पाचवी आणि सहावी जरा जड, ११० आणि ११२ हॉर्सपॉवर, आतून जास्त आरामशीर, लांबच्या प्रवासाला छान, पण धार थोडी कमी.

चौथीपासूनच डाव्या बाजूचं स्टिअरिंग मिळायला लागलं. तोपर्यंत लॅन्सिया इटलीतसुद्धा उजव्या स्टिअरिंगची गाडी द्यायची, आणि मोठ्या गाड्यांचे इटालियन मालक ते मानाचं समजायचे, आल्प्सच्या घाटात रस्त्याची कड नीट दिसते हेही कारण सांगायचे. गियरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर. आपल्याकडे कुर्ल्यात बनलेली प्रिमिअर पद्मिनी, म्हणजे मूळची फियाट ११०० डी, ज्यांनी चालवलीय त्यांना तो प्रकार लगेच कळेल. गियरबॉक्स पार मागे असल्यामुळे दांड्यापासून तिथपर्यंत जोडण्यांची लांब साखळी आहे, ती घट्ट असेल तर गियर लोण्यासारखे पडतात आणि जिथे सांधे झिजलेत तिथे शोधत बसावं लागतं. नार्दी या सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीने खालून दांडा आणि दोन कार्बोरेटरचा किट काढला होता, तो त्याच काळातला असेल तर गाडीचा इतिहासच आहे, ठेवावा. हल्ली नव्याने बसवलेला असेल तर मी तरी त्याचे जास्तीचे पैसे देणार नाही.

उघडी ऑरेलियाही होती. १९५५ ची बी२४ स्पायडर, पिनिन फारिनाचीच, पुढची काच कडेला वळवलेली, दाराला बाहेरून हँडल नाही, काच वरखाली होत नाही, फक्त २४०. मग लोकांनी तक्रारी केल्या म्हणून कन्व्हर्टिबल, काचा वर होणारी, ५२१. स्पायडरला लिलावात दहा लाख डॉलरच्या वरही बोली गेलेली आहे. देखणी आहे, वादच नाही, पण ऑरेलिया काय चीज आहे हे समजून घ्यायचं तर छप्परवाली बी२०च चालवा.

आता दुसरा प्रश्न, कंपनी हातातून गेली कशी. थोडक्यात, जान्नी लॅन्सियाला गाडी चांगली बनवायचा ध्यास होता आणि ती किती पैशात पडते हे बघणारं घरात कोणी उरलं नव्हतं. तो मागचा अॅल्युमिनियमचा डबा बघा, आत क्लच, गियर, डिफरेन्शियल, बाहेर ब्रेक, प्रत्येक भाग बारकाईने मशीन केलेला, शेजारी फियाट त्याच शहरात साध्या रचनेच्या गाड्या हजारोंनी काढत होती. बी२०चा धंदा सात वर्षांत चार हजारांपण नाही. त्यात जान्नीने रेसिंगला हात घातला. ऑरेलियाच्याच विचारावर डी२४ ही रेसिंग गाडी केली, व्ही६, गियरबॉक्स मागे, तिने १९५३ ला मेक्सिकोतली कारेरा पानामेरिकाना ही शर्यत अर्जेंटिनाच्या फान्जिओच्या हातून जिंकली, पहिले तिन्ही नंबर लॅन्सियाचे, पण त्याच शर्यतीत बोनेत्तो अपघातात मेला. १९५४ ला लॅन्सियाचा ड्रायव्हर आस्कारीने मिल्ले मिल्या जिंकली. मग यानोची डी५०, फॉर्म्युला वनसाठी, व्ही८, इंजिन स्वतःच चासीचा भाग, पेट्रोलच्या टाक्या दोन्ही बाजूंना चाकांच्या मध्ये. त्याच काळात तुरिनच्या बोर्गो सान पाओलो भागात रस्त्याच्या वरून कमान टाकून कंपनीच्या ऑफिसचा उंच टॉवरही चालू केला.

२२ मे १९५५ ला मोनाकोत आस्कारी डी५० सकट समुद्रात पडला, त्यातून वाचला, आणि चार दिवसांनी मोन्झाच्या ट्रॅकवर फेरारीची गाडी तपासताना अपघातात मेला. जान्नीचा त्यानंतर धीरच सुटला. जुलैत सगळ्या डी५०, सुटे भाग, सामान फेरारीला देऊन टाकलं, यानोही तिकडे सल्लागार झाला, आणि १९५६ ला फान्जिओ वर्ल्ड चॅम्पियन झाला तो याच गाड्यांवर, बाहेर फेरारीचं नाव. कंपनी सिमेंटवाल्या कार्लो पेसेन्तीकडे गेली. तांत्रिक बाजू अन्तोनिओ फेसिया बघायला लागला आणि त्याला पुढची चाकं ओढणाऱ्या गाड्या हव्या होत्या. ऑरेलियाचा व्ही६ मग १९५७ च्या फ्लामिनियात चालू राहिला, १९७० पर्यंत. १९६९ ला फियाटने सगळंच घेतलं.

गियरबॉक्स मागे ठेवायची कल्पना मात्र मेली नाही. १९६४ ची फेरारी २७५ जीटीबी, १९७२ ची अल्फा रोमिओ अल्फेत्ता, जिच्यात मागे द दिआँ एक्सेल आणि आत ब्रेक हे सगळंच आहे, मग पोर्श ९२४ आणि ९२८. अल्फेत्ता उघडली की मला दर वेळी ऑरेलियाच आठवते.

शेवटी कोणी खरंच बी२० बघायला जाणार असेल तर काम करणाऱ्याच्या नजरेतून एवढं बघा. बॉडी एकसंध आहे, वेगळी चासी नाही, म्हणजे दाराखालचे सिल आणि तळाचा पत्रा गंजला असेल तर गाडीचा कणाच गेलाय, वरचा रंग कितीही चकाकू दे, जॅकवर घ्या आणि दारं उघडून-बंद करून बघा, अडत असतील तर गाडी वाकतेय. इंजिनात अॅल्युमिनियमला बीड लागून आहे, वर्षानुवर्षं साधं पाणी घालून चालवलेल्या इंजिनात लायनर बसतात ती जागा खाल्लेली असते आणि खालून पाणी ऑइलमध्ये उतरतं, डिपस्टिक काढून बघा, रेडिएटरमध्ये कूलंट आहे का विचारा. क्लच मागे असल्यामुळे प्रोपेलर शाफ्ट इंजिनाच्याच स्पीडने फिरतो, गाडी उभी असली तरी, म्हणून न्यूट्रलमध्ये हळूहळू रेस वाढवा, एका ठरावीक आरपीएमला सीटखाली थरथर आली तर शाफ्टचा बॅलन्स किंवा जोडाचं रबर गेलंय, आणि याला इंजिनाचा दोष समजून इंजिन खोलणारे लोक आहेत, तसं करू देऊ नका. पुढच्या खांबांतून तेल गळून कोरडे पडलेत का बघा, कोरडे चालवले की आतल्या पिन झिजतात आणि ते काम महाग आहे. मागचे ब्रेक आत असल्याने कोणी वेळेवर उघडत नाही, गियरबॉक्सचं सील गेलं की तेल सरळ ड्रममध्ये जातं, त्यामुळे विकणाऱ्याने ते शेवटचे कधी उघडले याचं बिल मागा. आणि टायर ४०० मिलिमीटरच्या रिंगचे, १६५ मापाचे, मिशलॅन एक्स त्या मापात अजूनही बनवते, दुसरं काही घालू नका, कारण ते सस्पेन्शन त्या टायरवरच जुळवलेलं आहे.